रोल फिरतो, पण गाणं वाजत नाही: लिलावातून आणलेल्या प्लेयर पियानोची तपासणी

प्लेयर पियानो म्हणजे भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवरून, म्हणजे रोलवरून, आपोआप वाजणारा पियानो. आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमची तक्रार यात बसते का ते लगेच कळेल.

रोल चढवला, पेडल मारायला सुरुवात केली, कागद छान सरकतोय, पण एकही सूर वाजत नाही. किंवा सगळे सूर वाजतात, पण इतके क्षीण की थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात आणि गाण्यापेक्षा भात्यांची धापच जास्त ऐकू येते. किंवा ठरावीक काही सूर गप्प राहतात. त्यांच्या पट्ट्या बोटाने दाबल्या तर तेच सूर खणखणीत वाजतात. कधी याच्या उलट होतं, कागदावर भोक नसताना एखादा सूर आपोआप वाजतो आणि थांबतच नाही. कधी चाल ओळखू येते, पण प्रत्येक सुरात शेजारचा सूर मिसळून सगळा चिखल होतो. कधी कागद एका बाजूला सरकत जातो, त्याची कड आधी दुमडते आणि मग फाटते. आणि काही पियानोंमध्ये भरगच्च कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) आले की रोलचा वेगच मंदावतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या तळघरांमध्ये मी याच तक्रारी पुन्हा पुन्हा सोडवल्या आहेत. शंभर वर्षांचा पियानो ऑनलाइन लिलावात जवळपास फुकटात मिळतो, सोबत खोकंभर रोल मिळतात, वर्णनात ‘आजोबांच्या काळी वाजत होता’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरी आल्यावर तो वाजत नाही, आणि उत्साही नवा मालक पहिल्याच संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. माझा आग्रह एकच आहे: दोष रोलमध्ये आहे की यंत्रात, हे ठरल्याशिवाय एकही स्क्रू फिरवू नका. हे ठरवायला पैसे लागत नाहीत, आणि ते न ठरवता उघडलेले पियानो दुरुस्त करणं मूळ दोष काढण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

आत काय चालतं

हे दोन मिनिटांत समजून घ्या, पुढची प्रत्येक तपासणी यावरच उभी आहे. आपल्या हातपेटीचा भाता हवा आत ढकलतो. प्लेयर पियानोचे पायांखालचे भाते उलट काम करतात, ते हवा ओढून घेतात, त्यामुळे यंत्राच्या पोकळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो. रोलचा कागद एका पितळी पट्टीवरून सरकतो, तिला ट्रॅकर बार म्हणतात. तिच्यावर ८८ सुरांची ८८ भोकं आणि प्रत्येक भोकामागे एक नळी. कागदावरचं भोक पट्टीवरच्या भोकावर आलं की बाहेरची हवा नळीतून आत शिरते आणि पातळ चामड्याचा एक गोल पडदा उचलते. त्याला पाउच म्हणतात. पाउचने झडप उघडली की त्या सुराचा छोटा भाता, म्हणजे न्यूमॅटिक, झटकन मिटतो, पियानोच्या यंत्रणेला धक्का देतो आणि हातोडी तारेवर पडते. कागदाने भोक पुन्हा झाकलं की नळीत उरलेली हवा ब्लीड नावाच्या अगदी बारीक छिद्रातून ओढली जाते, पाउच खाली बसतो, सूर थांबतो. हे सगळे न्यूमॅटिक आणि झडपा ज्या मोठ्या लाकडी संचात बसवलेल्या असतात त्याला स्टॅक म्हणतात.

म्हणजे बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे: नको तिथून हवा शिरते, किंवा हवेच्या वाटेत काहीतरी अडकतं. कुठे ते शोधायचं.

पहिली तपासणी: रोल

सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाणारी.

हा रोल तुमच्या पियानोचा आहे का, ते आधी बघा. १९०८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतले उत्पादक बफेलो शहरात जमले आणि त्यांनी मापं ठरवली. रोलची रुंदी सव्वाअकरा इंच. ८८ सुरांच्या रोलवर इंचाला नऊ भोकं, त्याआधीपासून चालत आलेल्या ६५ सुरांच्या रोलवर इंचाला सहा. रुंदी एकच असल्यामुळे लिलावाच्या फोटोत दोन्ही रोल सारखेच दिसतात. फरक टोकांना असतो. ६५ सुरांच्या रोलच्या गाभ्याच्या दोन्ही टोकांतून धातूच्या छोट्या खुंट्या बाहेर आलेल्या असतात; ८८च्या रोलला टोकाशी आत गेलेली खोबण असते आणि यंत्राचा भाग तिच्यात शिरतो. काही मोजके पियानो दोन्ही प्रकार वाजवतात, त्यांच्यात एक बदलखटका असतो. तो चुकीच्या बाजूला असेल तर निव्वळ गोंगाट ऐकू येतो.

दुसरा घोळ रिप्रोड्यूसिंग रोलचा. अँपिको, डुओ-आर्ट आणि वेल्टे या पद्धतींच्या रोलमध्ये सुरांबरोबर वाजवणाऱ्याचा जोर आणि चढउतारही भोकांच्या भाषेत नोंदलेला असतो. खोक्यावर रॅखमॅनिनॉफ किंवा पॅडेरेव्स्की या नामवंत पियानोवादकांची नावं दिसली की बोली चढते, आणि ती का चढते ते मला पुरेपूर कळतं. रॅखमॅनिनॉफने अँपिकोसाठी आणि पॅडेरेव्स्कीने डुओ-आर्टसाठी खरोखरच रोल वाजवले होते. पण ती जोर-चढउताराची भोकं वाचणारी यंत्रणा साध्या प्लेयर पियानोत नसते. डुओ-आर्टमध्ये तर खालच्या आणि वरच्या टोकाच्या चार-चार सुरांच्या जागा या खुणांसाठी वापरलेल्या आहेत, म्हणजे संगीताला ८० सूरच उरतात. असा रोल साध्या ८८ सुरांच्या पियानोवर चढवला की अगदी खर्जातले आणि अगदी टिपेचे सूर मधूनमधून विनाकारण ठोकले जातात. त्यात बिघाड काहीच नसतो, तरीही याच लक्षणासाठी चांगला स्टॅक उघडलेला मी पाहिला आहे. वेल्टेचे मूळ लाल कागदाचे रोल जास्त रुंद, जवळपास तेरा इंचांचे असतात, ते साध्या यंत्रात बसतच नाहीत.

रोल योग्य निघाला तर त्याची तब्येत बघा. पहिले काही फूट मोकळे सोडून खिडकीच्या उजेडात धरा. कडा दातेरी झाल्या आहेत का, दोन भोकांमधली कागदाची चिंचोळी पट्टी तुटून दोन भोकांचं एक झालंय का, कागद वाकवल्यावर करकरतो का. कडा दुमडलेल्या असतील तर बोटाने हळूहळू सरळ करता येतात. फाटलेल्या जागी साधी सेलोटेप कधीही लावू नका. तिचा चिकट थर काही वर्षांत बाजूला पाझरतो, गुंडाळीतला वरचा वेढा खालच्याला चिकटतो आणि पुढच्या वेळी रोल उलगडताना चांगला कागदसुद्धा फाटून येतो. ग्रंथालयांत जुन्या कागदांसाठी वापरतात ती पातळ, आम्लमुक्त पट्टी घ्या.

कागद हवेतली ओल शोषून रुंद होतो आणि कोरड्या हवेत आकसतो. इंचाला नऊ भोकं म्हणजे दोन शेजारच्या भोकांमध्ये जेमतेम २.८ मिलिमीटर अंतर. रुंदीत अर्धा टक्का फरक पडला तरी पूर्ण कागदभर तो दीड मिलिमीटरच्या आसपास जातो. पोस्टाने आलेला रोल त्याच दिवशी चढवू नका. पियानोच्याच खोलीत दोन-तीन दिवस राहू द्या. दमट तळघरात ठेवलेले आणि हिवाळ्यात हीटरशेजारी ठेवलेले रोल सारखाच त्रास देतात, फक्त उलट दिशेने.

आता निकालाची परीक्षा. अलीकडच्या दशकांत निघालेला, चांगल्या अवस्थेतला एक रोल मिळवा. क्यूआरएस या रोल बनवणाऱ्या कंपनीचे असे रोल लिलावांत ढिगाने असतात आणि स्वस्त असतात. ओळखीत कुणाकडे ८८ सुरांचा टेस्ट रोल असेल तर त्याहून उत्तम, कारण तो एकेक सूर क्रमाने वाजवतो. या चांगल्या रोलवर तक्रार नाहीशी झाली तर पियानो ठीक आहे, तुमचं काम संपलं. तक्रार तशीच राहिली तर पुढे चला, आणि यापुढची प्रत्येक तपासणी याच चांगल्या रोलवर करा.

दुसरी: लिव्हर आणि खटके

रोल फिरतोय पण एकही सूर नाही, या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. पट्ट्यांसमोरची लाकडी फळी पुढे पाडली की लिव्हरची रांग दिसते. त्यातला एक रोल पुढे वाजवण्याचा आणि उलटा गुंडाळण्याचा. उलटा गुंडाळताना सूर वाजू नयेत म्हणून हा लिव्हर स्टॅककडे जाणारी हवेची वाट बंद करतो. वाहतुकीत त्याची तार निसटली, तर लिव्हर ‘प्ले’वर दिसतो आणि आतली झडप मात्र बंदच राहते. खालचं पॅनल काढा (बहुतेकदा एक स्प्रिंगची पट्टी दाबली की ते सुटतं), कुणाला तरी लिव्हर हलवायला सांगा आणि आतल्या टोकाला खरोखर काही हलतंय का ते डोळ्यांनी बघा.

सूर एकमेकांत मिसळून गुंजत राहत असतील तर सस्टेनचा, म्हणजे सूर लांबवणाऱ्या पेडलचा, खटका बघा. ट्रॅकर बारच्या डाव्या कडेला आपोआप पेडल उचलणारं एक वेगळं भोक असतं. त्याच्या ब्लीडशी घाण अडकली की डँपर, म्हणजे तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या, उचललेलेच राहू शकतात.

तिसरी: ट्रॅकर बारची सफाई

रोल काढा. टॉर्च बाजूने तिरका धरा आणि पितळी पट्टीकडे जवळून बघा. वर्षानुवर्षं कागद घासून गेल्यामुळे भोकांच्या तोंडाशी करडा, मऊ भुगा साठलेला दिसेल, कापसाच्या वातीसारखा पिळलेला. हाच भुगा नळीतून खाली उतरतो आणि ब्लीडच्या बारीक छिद्राशी जाऊन बसतो. भोकाच्या तोंडाशी अडकला तर सूर वाजत नाही. ब्लीडशी अडकला तर सूर थांबत नाही किंवा एकच सूर पटापट पुन्हा वाजवायचा असेल तर मागे पडतो. एकाच धुळीची दोन उलटी लक्षणं, म्हणून दोन्ही तक्रारींसाठी ही सफाई आधी करायची.

कोरड्या, मऊ टूथब्रशने पट्टी पुसा. त्यानंतर ट्रॅकर बारचा हातपंप वापरा. हा छोटा पितळी पंप प्लेयर पियानोचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याचं तोंड भोकावर दाबून दांडा ओढला की भुगा बाहेर येतो. एकेक भोक, डावीकडून उजवीकडे, घाई न करता. पंपाच्या तोंडाशी करडी वळी जमते, ती प्रत्येक वेळी पुसून टाका.

हवा आत फुंकू नका, तोंडानेही नको आणि कॉम्प्रेसरने तर अजिबात नको. फुंकलेला भुगा थेट ब्लीडपर्यंत जातो आणि शंभर वर्षांचं पातळ चामडं एका झोतात फाटतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर पूर्ण जोरात थेट लावणंही मी टाळते. तेल, स्प्रे, पॉलिश यातलं काहीही पट्टीवर जाता कामा नये.

चौथी: कागदाची रेषा

शेजारचे सूर मिसळत असतील तर कागद पट्टीवर सरळ बसलेला नाही. रोल अगदी सावकाश पुढे न्या आणि कागदावरचं एक भोक पट्टीवरच्या भोकाच्या बरोबर मध्यावर येतंय का ते बघा. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्ही जागी बघा. तिन्ही ठिकाणी सारखाच सरकलेला असेल तर पट्टीची किंवा रोलधारकाची जागा हलवायला एक स्क्रू असतो, तो अगदी थोडा फिरवा. डावीकडे बरोबर आणि उजवीकडे चुकीचा असेल तर कागदच फुगला किंवा आकसला आहे. पुन्हा पहिल्या तपासणीकडे जा.

बऱ्याच पियानोंमध्ये कागद सरळ ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा असते. कागदाच्या कडेला टेकणारी दोन बारीक बोटं किंवा कडेजवळची दोन भोकं कागद कुठे आहे ते ओळखतात आणि दोन छोटे भाते रोलला डावीउजवीकडे हलवतात. कड फाटलेली असली की या बोटांना वाटतं कागद दुसरीकडे सरकलाय. यंत्रणा इमानेइतबारे त्याला चुकीच्या दिशेला ओढते आणि कड आणखी फाटते. म्हणून कड फाटताना दिसली की गाणं पुरं होण्याची वाट न पाहता तत्क्षणी पाय थांबवा. दोन्ही भाते मोकळेपणाने हलतात का आणि त्यांच्या नळ्या जागेवर आहेत का एवढं बघा. याहून जास्त काही घरी करू नका.

पाचवी: एकच सूर गप्प, किंवा एकच सूर बडबडा

आधी त्या सुराची पियानोची पट्टी बोटाने दाबा. बोटानेही सूर नीट वाजत नसेल तर दोष पियानोच्या मूळ यंत्रणेत आहे, प्लेयरमध्ये नाही. ते नेहमीच्या ट्यूनरचं काम. बोटाने वाजतो पण रोलने वाजत नाही, असं असेल तर वरचं पॅनल काढा. आतल्या नळ्यांची रांग डावीकडून मोजत त्या सुराच्या नळीपर्यंत जा.

आता रोलचा सुरुवातीचा कोरा भाग पट्टीवर येऊ द्या म्हणजे सगळी भोकं झाकली जातील, वेगाचा लिव्हर शून्यावर ठेवा आणि कुणाला तरी पेडल मारायला सांगा. गप्प सुराची नळी स्टॅककडच्या टोकाला हलकेच सोडवा. सूर ताडकन वाजला तर झडप, पाउच आणि न्यूमॅटिक तिन्ही शाबूत आहेत. नळीतच काहीतरी अडकलंय किंवा ती कुठेतरी दबलीय. नळी बदलणं स्वस्त काम आहे. नळी काढूनही सूर वाजला नाही तर दोष स्टॅकच्या आत आहे, आणि तिथे तुमचं काम थांबतं.

न थांबणाऱ्या सुराची तपासणी उलटी. त्याची नळी काढा आणि स्टॅकवरच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. सूर थांबला तर नळी फुटलेली आहे. बोट ठेवूनही वाजत राहिला तर ब्लीड तुंबलंय किंवा झडपेखाली कचरा बसलाय. पट्टीवरून हातपंप आणखी एकदा चालवून बघा. फरक पडला नाही तर इथेही थांबा.

नळ्या हात लावण्याआधी कशाच्या आहेत ते मात्र बघा. काळी रबरी नळी कडक होऊन तडकलेली असेल तर ती बदलायचीच. पण बऱ्याच जुन्या यंत्रांत शिशाच्या, करड्या धातूच्या नळ्या असतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाच्या गंजाची आहे आणि विषारी आहे. तिला घासायचं नाही, फुंकायचं नाही, बोट लावायचं नाही, घरात लहान मुलं असतील तर पॅनल लगेच बंद करायचं आणि पुढचं सगळं जाणकारावर सोपवायचं.

सहावी: हवा कुठे गळते

सगळेच सूर क्षीण, पाय दमतात, कॉर्ड आला की वेग पडतो: हे सगळं गळतीकडे बोट दाखवतं. रोल चालवणारी हवेची मोटरही त्याच ओढीवर चालते, त्यामुळे ओढ कमी पडली की तिचा वेगही ढासळतो.

कोरा कागद पट्टीवर, वेग शून्यावर, आणि जोरात पेडल मारा. घट्ट यंत्रात काही फेऱ्यांतच पेडल पायाला विरोध करू लागतं, आणि पाय थांबवले की मोठा साठा-भाता बरेच सेकंद मिटलेला राहतो. तुमचा भाता लगेच उघडत असेल, किंवा पेडल कितीही मारलं तरी सैलच लागत असेल, तर हवा कुठूनतरी शिरतेय. कुठून ते शोधायला भात्यांपासून वर स्टॅककडे जाणारी जाड नळी काढा आणि भात्यांकडचं उघडं पडलेलं तोंड तळहाताने घट्ट बंद करून पुन्हा पेडल मारा. आता भाते घट्ट वाटले तर गळती वर स्टॅकमध्ये आहे. आताही सैल असतील तर खालचे भाते किंवा त्यांच्या झडपा गेल्या आहेत. हा निकाल तुमच्याकडे असला तर दुरुस्त करणाऱ्याचा तासभर वाचतो आणि त्याने दिलेला खर्चाचा अंदाज तुम्हाला समजून घेता येतो.

बारीक गळतीसाठी मी हातभर लांबीची रबरी नळी वापरते. एक टोक कानाशी धरायचं, दुसरं जोडांवरून, नळ्यांच्या टोकांवरून, भात्यांच्या घड्यांवरून सावकाश फिरवायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी पेडल मारत राहायचं. गळतीजवळ आल्यावर ‘सूंऽऽ’ असा बारीक आवाज एकदम मोठा होतो. जाड नळीचा जोड सैल निघाला तर तो घट्ट करा. नळीलाच चीर असेल तर त्याच मापाची नवी आणा. एवढ्यावर काही पियानो खरोखर जागे होतात, आणि तो पहिला भरदार कॉर्ड ऐकताना घरातल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

वेगाची तपासणी यानंतर करायची, आधी नको. लिव्हर ७० या आकड्यावर ठेवला की एका मिनिटात सात फूट कागद जायला हवा. कोऱ्या भागापासून सात फुटांवर पेन्सिलीने हलकी खूण करा आणि घड्याळ लावा. गळती असताना वेगाचा स्प्रिंग फिरवून ठेवला तर गळती काढल्यावर सगळी गाणी धावत सुटतात.

इथे थांबा

न्यूमॅटिकचं रबर चढवलेलं कापड घड्यांवर तडकलेलं, पत्र्यासारखं कडक झालेलं दिसलं तर थांबा. एक ठिगळ लावून काही होत नाही. एक गेलं म्हणजे बाकीचीही जाण्याच्या बेतात असतात, आणि सगळ्याच्या सगळ्या भात्यांना नवं कापड चढवणं हे अनुभवी हाताचं, बऱ्याच महिन्यांचं काम असतं. ‘१९७०च्या दशकात दुरुस्त केलेला’ ही खात्रीही पुरेशी नाही. त्या काळी वापरलेली काही कृत्रिम कापडं आणि चामड्याचे पर्याय मूळ मालापेक्षाही लवकर मोडले.

गळतीवर सिलिकॉन, फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद, हार्डवेअरच्या दुकानातलं कोणतंही सीलंट लावू नका. या यंत्रांचे जोड गरम सरसाने चिकटवलेले असतात, कारण पुढच्या पिढीच्या कारागिराला ते वाफेने किंवा उष्णतेने सोडवता यावेत. सिलिकॉन लागलेल्या लाकडाला नंतर सरस धरतच नाही, आणि तो भाग नवा करावा लागतो.

स्टॅक बाहेर काढू नका. पियानो मागे किंवा पुढे कलता करू नका. प्लेयर बसवलेल्या उभ्या पियानोचं वजन ३५० किलोच्या घरात जातं, त्यातलं बरंचसं वर आणि मागे असतं, आणि तो एकदा कलला की दोन माणसांना धरवत नाही. ओतीव लोखंडी चौकटीला तडा दिसला, किंवा ट्यूनिंगच्या खुंट्या हाताने फिरण्याइतक्या सैल असल्या, तर प्लेयरवर एक डॉलरही घालण्याआधी ट्यूनरचं मत घ्या. त्या चौकटीवर तारांचा एकूण ताण कित्येक टनांचा असतो. नंतर कुणीतरी बसवलेली विजेची मोटर असेल आणि तिच्या वायरीचं आवरण कापडाचं किंवा तडकलेलं असेल तर प्लग लावूच नका, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि बोलवायचं कुणाला? नेहमीचा ट्यूनर तारा आणि हातोड्या सांभाळतो. बहुतेक ट्यूनर प्लेयरच्या भागाला हात लावत नाहीत आणि तसं स्पष्ट सांगतात. ते प्रामाणिक असतात, रागावू नका. तुम्हाला प्लेयर नव्याने बांधणारा कारागीर हवा. अमेरिकेत ॲमिका ही स्वयंचलित वाद्यांच्या संग्राहकांची संघटना १९६३पासून आहे, तिच्या सदस्यांकडे विचारलं की जवळच्या भरवशाच्या कारागिराचा पत्ता मिळतो. त्याला फोन करताना वरच्या तपासण्यांचे निकाल सांगा: कोणत्या रोलवर तपासलं, कोणते सूर गेलेत, नळी काढल्यावर काय झालं, खालचे भाते घट्ट आहेत की सैल.

पुढची बोली लावण्याआधी

विक्रेत्याकडे वाजतानाचा व्हिडिओ मागवा, पण पायाने वाजवतानाचा. विजेची मोटर लावलेला पियानो व्हिडिओत दणक्यात वाजतो, कारण मोटर इतकी हवा ओढते की मोठी गळतीसुद्धा झाकली जाते. खालचं पॅनल काढून भात्यांचा फोटो, वरचं काढून नळ्यांचा फोटो, आणि रोलच्या ढिगातल्या निदान काही रोलच्या टोकांचा फोटो मागवा. जो विक्रेता हे तीन फोटो द्यायला तयार नाही त्याच्या मालाची किंमत मी वाहतुकीच्या खर्चाएवढीही धरत नाही. वाहतुकीचा दर पियानो हलवणाऱ्यांकडूनच, आणि बोलीच्या आधी घ्या. पायऱ्या किती, वळण कुठे, हे दोन्ही घरांचं सांगा.

पुढेमागे पुण्याला किंवा मुंबईला परतताना पियानो सोबत नेण्याचा विचार असेल तर पट्ट्यांचा जवळून काढलेला फोटोही हवा. जुन्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग यांच्यामध्ये बारीक जोडरेषा असेल तर त्या बहुधा हस्तिदंताच्या आहेत. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या व्यापारावर आणि आयातीवर बंदी आहे, देशादेशांमधल्या वाहतुकीला साइट्स या, धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत, आणि ईबेने २००९पासून हस्तिदंताच्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली आहे. अशा पट्ट्यांचा पियानो घ्यायचा असेल तर तो राहत्या देशातच ठेवायचा या हिशेबानेच बोली लावा.